एक फॉर्म, तीन पानं आणि माझी मिळकत

ज्या दुपारी कंपनीत मला काम शिकवणाऱ्या तिने वेबसाइटच्या तीन पानांवरचा माझा कोड पुसून एका फाइलीत बसवला, त्या दुपारी माझं आयुष्य फिरलं. तेव्हापासून मी शुद्धीवर नाही असं दादा म्हणतो. तरी हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाविना लिहीत आहे. कॉलेज अर्ध्यात सोडलेला, डोक्याने तापट. आज हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर "होईल नीट" म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

१. मोटरसायकल दादाला. आरसा त्यानेच फोडला, हे विसरलेलो नाही.

२. बँकेतली शिल्लक आईला. "कॉलेज सोडलंस, आता बस बोंबलत" म्हणणाऱ्या बाबांना छदामही नको. बरं, चष्मा तेवढा घेऊन द्यावा.

३. लॅपटॉप कंपनीत माझ्या जागी येईल त्याला. अट एकच: वाचनालयाच्या वेबसाइटचा फॉर्म त्याने तोडू नये. नवा सभासद, पत्ताबदल, नूतनीकरण, तिन्हीकडे नाव-पत्ता-फोनचे तेच रकाने. मी ते तीनदा चिकटवले होते; एकीकडे चूक सुधारली की दुसरीकडे तशीच. साहेब म्हणाले, "चालतंय ना?" ती म्हणाली, "चालत नाही, लंगडतंय." तिने फॉर्म एकदाच लिहिला. प्रत्येक पान आता तोच मागवून घेतं. शीर्षक आणि बटण तेवढं स्वतःचं. इतकं स्वच्छ काम मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.

४. तिच्याविषयी. ती तपासत होती त्या पानावर, नावाच्या रकान्यात, मी फिकट अक्षरांत लिहिलं: "संध्याकाळी चहा?" फॉर्म सगळ्यांचा एकच, हे प्रेमात विसरलो. अख्ख्या वाचनालयाला आमंत्रण गेलं. एका निवृत्त मास्तरांनी नावाच्या जागी "साखर कमी" भरून पाठवलं. साहेब पेटले. ती पोट धरून हसली, "अरे शहाण्या, एका जागी लिहिलं की सगळीकडे दिसतं, हेच तर शिकवत होते!" चहाचं उत्तर मात्र दिलं नाही.

तिला काहीही ठेवत नाही. वाटा मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असं दादा सांगतो, आणि मला या कागदावर तिची सही हवी.

ठिकाण: माझी खोली. दिनांक: ऑपरेशनची सकाळ.

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचा शिंपी. (सही)

२. ती आली, उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि पेन परत दिलं.

"मी नाही सही करणार."

"का?"

"साक्षीदाराला वाटा मिळत नाही ना?"

दादा खिडकीकडे बघून खोकला. मी चौथं कलम पुन्हा बघू लागलो.

"बघतोस काय? चल, उशीर होतोय."

सबब साक्षीदार २: शिंप्याची बायको. (सही)

ती जिना उतरू लागली. मी पिशवी उचलली, दादाच्या मागोमाग बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.