साहेबांनी न वाचलेलं वाक्य

७ जानेवारी
शेजारची कृपा आज तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण ठेवून गेली. कायद्यातली पीएच.डी., विषय खालच्या कोर्टातल्या बायकांच्या साक्षी. मी एकतीस वर्षं बडोद्याच्या कोर्टात टायपिस्ट होते, म्हणून मला तपासायला. "मासी, भूल होय तो कहेजो." चूक असली तर सांगा म्हणे! पहिल्याच पानावर इंग्रजीची तीन स्पेलिंगं चुकलेली. आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी बोटांवर पट्टी ओढली असती.
पण विषय! त्या कागदांत कोणी काही शोधेल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वाचता वाचता आमटी करपली.

८ जाने.
पान ४१. 
एका जुन्या फायलीतली साक्ष तिने उतरवलीय. पाणीगेटची बाई, नवऱ्याने मारलेली. वकिलाचा प्रश्न: ओरडलीस का नाही? तिचं उत्तर: "बूम पाडी'ती, पण बाजुवाळाए रेडियो मोटो करी दीधो." ओरडले, तर शेजाऱ्यांनी रेडिओ मोठा केला. खाली कृ.चं मत: बाईचे शब्द जसेच्या तसे नोंदवणारे हे न्यायाधीश विरळेच, संवेदनशील.
संवेदनशील! तो माणूस साक्ष चालू असताना नखं कापायचा!
ते वाक्य मी टाइप केलंय. त्याने नाही सांगितलं.

९ जाने.
लिहूनच टाकते. बाई बोलणार, साहेब त्याचं आपल्या शब्दांत सांगणार, मी टाइप करणार, अशी पद्धत. त्या दिवशी साहेबांनी सांगितलं, "साक्षीदारास समाधानकारक उत्तर देता आले नाही." मी तिचं टाइप केलं. का, ते... बोटं चालली.
वाचून दाखवायचं कामही माझंच. आपलं वाक्य ऐकून तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा दिला. साहेबांनी न वाचता सही ठोकली.
कोणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही, ते असेपर्यंत.

१० जाने.
धाकट्या दिरांना सांगितलं. भाऊजी निवृत्त वकील. चहा बशीत सांडला.
"वहिनी, कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये फेरफार म्हणतात याला!"
"फेरफार साहेब करत होते. मी दुरुस्ती केली."
"हे वाक्य दुसऱ्या कोणासमोर बोलू नका."
म्हणजे बोललंच पाहिजे.

१२ जाने.
बोलले. सयाजीगंजला, कृ.च्या डिपार्टमेंटमध्ये. वाटलं, पोरगी रडेल. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय आणि मी तिचा लाडका न्यायाधीश मारला. ती खुर्चीतून उठलीच. "शुं वात करो छो, मासी! म्हणजे साहेबांचं मन समजून मी तुमचं वाचत होते!"
"माझं नाही गं. त्या बाईचं."
तिने वही ओढली. मग भराभर लिहायला लागली. एवढ्या वर्षांत माझं बोलणं कोणी असं लिहून घेतलं नव्हतं. कायम मीच घ्यायची.
पण पुरावा काय? माझा शब्द. तिचे सर म्हणाले, निनावी शब्दाला वजन नाही. नाव दिलं तर भाऊजी म्हणतात तो फेरफाराचा ठपका. सरांनी फॉर्म दिलाय. दोन चौकटी: नाव छापावे / नाव गुप्त ठेवावे. शनिवारी कृ.चा सेमिनार, तोवर सांगायचं.

१४ जाने.
उत्तरायण. गच्चीवर नुसता "काप्यो छे!" चा गोंगाट. त्यात कृ.चा फोन. "मासी, आवुं एक ज वार कर्युं'तुं?"
असं एकदाच केलं होतं का.
म्हटलं, पतंगवाल्यांच्या आरडाओरड्यात ऐकू येत नाही, ठेव.
ऐकू आलं होतं.

१५ जाने.
भाऊजी आले. "टिक कुठे केलीत?" म्हटलं, तुम्ही वकील की हेर? हसले नाहीत. "वहिनी, तुमचं नाव पेपरात आलं तर..."  घाबरलेत बिचारे, माझ्यासाठी. मला भीती वाटायला हवी, पण झोपेतही बोटं चालतायत.

१७ जाने., सकाळी
जिथे बाईचंच वाक्य टाइप केलं, त्या आठवतील तेवढ्या केसेस लिहून काढल्या. सात झाल्या. आठवी अर्धी आठवते, कापड दुकानातली मुलगी, ती म्हणाली होती की...
भाऊजी कोट घालून हजर. "येतोय मी. तुमचा वकील म्हणून. फी नाही." कृ. रिक्षा घेऊन खाली उभी.
यादी पर्समध्ये. फॉर्मही, दोन्ही चौकटी कोऱ्या. आधी सेमिनारच्या हॉलमध्ये बसलेल्यांची तोंडं बघते, मग पेन काढते.