सर, तुम्ही आमच्या दारात कशाला आला होतात?

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा संशय काही गेलेला नाही. आज विचारूनच टाकते. त्या धानाच्या रोवणीच्या दिवसांत तुम्ही भंडाऱ्याहून सायकल मारत शहापूरला आमच्या दारात कशासाठी आला होतात?

आणीबाणी उठून वर्षभर झालं होतं. बी.ए. होऊन मी घरी बसले होते आणि सिहोऱ्याचं स्थळ जवळजवळ ठरल्यात जमा होतं. दारात कॉलेजचे सर बघून आईनं भलताच अर्थ काढला. मला आत ओढून म्हणाली, "पोरी, लवकर साडी नेस. मास्तर भाच्यासाठी पाहाले आले वाटते." मी घाईघाईनं नेसते आहे, कप परातीत मांडून बाहेर आणते आहे, आणि बाबा शेतातल्या बांधीतून उठून तसेच चिखलाच्या पायांनी तुमच्यासमोर बसलेत. त्यांनी सरळच विचारलं, "पोरगा काय करते?"

"कोणता पोरगा?" तुम्ही गडबडलात. "मी हिला एम.ए.ला पाठवा म्हणायला आलोय. इतिहासाला. हिला इतिहासाची चांगली जाण आहे."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. इतिहासात मी कशीबशी तरले होते, बरे मार्क होते ते मराठीत. आणि हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? बाबांनाही पटलं नाही. "लोकाच्या पोरीले शिकवून तुमाले काय भेटते, गुरुजी?" तुम्ही नुसते हसलात आणि चहा बशीत ओतलात. तरी बाबा हो म्हणाले. सिहोऱ्याचे लोक दिवाळीनंतर येणार होते, तोवर पोर घरात बसून तरी काय करणार! दिवाळीनंतर ते आले, आणि एवढी शिकणारी सून आमाले झेपत नाही म्हणून परत गेले.

पण त्याआधीच, कॉलेजच्या पहिल्या दिवशी, शिपायानं मला गाठलं होतं. "ताई, तुमी आल्या अन् वर्ग वाचला. एक जण कमी पडून राहिला होता." झालं, माझ्या इतिहासाच्या जाणेचा उलगडा झाला! मग दोन वर्षं तुम्ही माझ्या वहीवर 'छान' लिहिलंत की मला वाटायचं, पटसंख्या सांभाळताहेत. तुम्हीच शिकवायचात, जुना कागद कुणाचाही असो, लिहिणाऱ्याला त्यातून काय मिळत होतं ते आधी विचारा. बाबांचाच प्रश्न तो. तुम्ही तो फळ्यावर लिहीत होतात आणि मी तुमच्या पाठीकडे बघत होते. तोंड उघडून विचारायची हिंमत मात्र कधी झाली नाही. खरं उत्तर दिलं असतंत तर मला फार लागलं असतं.

पुढे साकोलीच्या कॉलेजात मी इतिहासच शिकवू लागले. वर्ग भरेना तेव्हा मीही गावोगाव चपला झिजवल्या. एका घरी मुलीच्या आईनं डोळे बारीक करून विचारलं, "तुमाले काय भेटते, बाई?" मी हसले आणि चहा बशीत ओतला.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, ते बरंच आहे. पोचलं असतं तर तुम्ही तुमचा प्रश्न मलाच उलटा विचारला असता, की तुला त्यातून काय मिळत होतं? सर, मला इतिहासाची जाणही नव्हती आणि आवडही नव्हती. सिहोऱ्याचं स्थळ टळावं, एवढंच हवं होतं. त्या दिवशी दारात कुणी शिवणाच्या क्लासचं नाव काढलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं.