हौसाचं दूध आणि खरवस

उसाला पाणी देऊन आलात की भाकरीला हात लावायच्या आधी हे वाचा. इंदापूरहून सांगावा आलाय, माझी आई तापानं फणफणलीय. गाडी दारात उभी आहे, मी निघाले.

आपल्या लेकीचं, हौसाचं दूध चुकवू नका. दुधानं तिच्या अंगावर गांधी उठतात, म्हणून तर पुण्याच्या डॉक्टरांनी रोज अगदी थोडं द्यायला सांगितलंय, अंगाला सवय व्हावी म्हणून. वाटीभर पाण्यात दुधाचे तीनच थेंब. काल पचले, आजही पचतील. पोर बरी होणार, मला खात्री आहे.

पण काळी म्हैस पहाटे व्याली. सासूबाई चिकाचा खरवस करतील, देवापुढं ठेवतील आणि म्हणतील, "थेंब पचतुय न्हवं, मग परसादाच्या वाटीनं काय हुतंय?" मागं पेढ्याच्या वेळी हेच झालं. पोरीचे ओठ सुजले, श्वास अडकला, आणि तुम्ही खाली मान घालून उभे होतात.

आज त्यांना नाही म्हणा. आईला नाही म्हणायची तुम्हाला सवय नाही, ठाऊक आहे मला. तीही थेंबाथेंबानंच लागेल. तुमचा आजचा थेंब चुकवू नका.