कंडक्टर पक्षी

४ जानेवारी
बाबांबरोबर टेकडीवर जाणं म्हणजे डोक्याला ताप! आज अर्धा चढसुद्धा झाला नाही. दर वळणावर थांबतात. "ही साल बघ गं, काय सुरेख!" बघितली. पुढच्या वळणावर मुंग्या. मग एक पान — साधं, हिरवं पान!
डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, न थांबता टेकडी चढलीस की मगच कामावर जायचं. न्यूमोनियानं पार पिळून काढलं मला. पोहायला शिकवणारी मी, आणि शिट्टी फुंकली की नुसतं फुस्स! आणि हे मला मुंग्या दाखवतायत.

७ जानेवारी
पण माणूस भारी आहे हं! जन्मभर बस चालवली, तरी नजर केवढी! आज फांदीवरचा एक करडा पक्षी दाखवला. "हा कंडक्टर पक्षी. सारखा मान वळवून मागे बघतो, कुणी राहिलं का म्हणून." आणि खरंच, बघत होता! हे सगळं शिकलात कधी, म्हटलं. "सिग्नलला थांबल्या थांबल्या," म्हणाले. मी थक्क.

८ जानेवारी
खोकला. गेले नाही. बाबा एकटेच गेले आणि चहा गाळेपर्यंत परत. वर गेलाच नाहीत ना? "जाऊन आलो की." थापा!

१२ जानेवारी
आईला कंडक्टर पक्ष्याचं कौतुक सांगितलं. भाजी चिरता चिरता एवढी हसली की विळी बाजूला सारली. "अगं, ह्यांनी रस्ता सोडून दुसरीकडे बघितलंय कधी? कावळा आणि कोकीळ शेजारी बसवले तर विचारतील, जोडपं का!"
"मग थांबतात कशाला?"
"तुझा भाता वाजायला लागला की ह्यांना पक्षी दिसतो."
न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. 'दमलीस, बस जरा' असं एकदाही म्हणाले नाहीत. कुणी तसं म्हटलं की मी फणकारते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! मला वाटत होतं, ह्यांच्यापायी मी मागे पडतेय. किती मायेनं फसवलं मला!

१३ जानेवारी
काही कळू दिलं नाही. आज 'रिव्हर्स किडा' बघितला. तोंड भरून वाहवा केली. बाबा असे खूश, की उतरताना आणखी दोन किडे शोधले!

२ मार्च
चढले! न थांबता, थेट वरपर्यंत! प्रत्येक वळणावर तिरक्या डोळ्यानं बाबांकडे बघत होते. एकही पक्षी दिसला नाही त्यांना. वर पोचून शिट्टी फुंकली — खालची कुत्री भुंकायला लागली! बाबा डोळे पुसत होते. "धूळ फार आहे इथं," म्हणाले.
सोमवारपासून कामावर.

१९ नोव्हेंबर
आज बाबा पहिल्याच वळणावर थांबले. झाडाला हात टेकून. साल नाही, मुंगी नाही, काहीच दाखवेनात. मी वर बोट केलं. "बाबा, कंडक्टर पक्षी!"
फांदी रिकामी होती.
त्यांनी मान वर करून बराच वेळ बघितलं. "हो गं," म्हणाले, "दिसला."