उष्टा पेला

४ ऑगस्ट १९७४, रविवार
आज महिन्याचं प्रभुभोजन घेतलं नाही. अंगात ताप नाही, पाय धड आहेत, चर्चमध्ये हजर होते, तरी नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

ज्यातून सगळे एकामागून एक द्राक्षारस पितात तो चांदीचा पेला दिसला नाही. त्याच्या जागी लाकडी ट्रे, ट्रेला भोकं, भोकांत औषधाच्या मापाएवढे काचेचे गिलास. सीताबर्डीवरून आणलेत म्हणे. ट्रेच्या कडेला पितळी पट्टी. आमच्या आईच्या स्मरणार्थ, आणि खाली धाकट्या बहिणीचं, लिलीचं, नाव, तिच्या नवऱ्याचं नाव. मला विचारणं दूरच, कळवलंही नाही. आई मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन होती. सगळ्या घरच्या पोरींना एका माठातून पाणी पाजत म्हातारी झाली. तिच्या नावावर हे.

कमिटीच्या सेक्रेटरीने उभं राहून वाचून दाखवलं: आरोग्याच्या दृष्टीने. पाळकसाहेब माझ्यासमोर ट्रे घेऊन थांबले. मी हात मांडीवरच ठेवले. ते थोडे थांबले, मग पुढे गेले. शाळेतून रिटायर झाले तरी मी बोर्डिंगच्या मुलींबरोबरच बसते; त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

५ ऑगस्ट
आरोग्य! हे आरोग्य कुठून आलं ते मला ठाऊक आहे. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की मी उगाच म्हणते.

आमच्याकडे पाळक पेला घेऊन बाकाबाकाने फिरतात. पहिली बाकं जुन्या घरांची. मधली त्यांच्या सोयऱ्यांची. शेवटची रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीतल्या घरांची, जी आता आता बाप्तिस्मा घेऊन आली. म्हणजे पेला आधी कुणाच्या ओठाला आणि शेवटी कुणाच्या, ते ठरलेलं. हे कुणी ठरवलं नाही. कुणी ठरवलं नाही म्हणूनच इतकी वर्षं टिकलं.

जुलैत यशोदा तिच्या बापाला घेऊन सरळ पहिल्या बाकावर बसली. यशोदा त्याच वस्तीतली, सरकारी इस्पितळात स्टाफ नर्स. बाप जन्मभर म्युनिसिपालिटीच्या कचरागाडीवर, आता दमा. पंखा पहिल्या बाकावरच आहे. लिलीच्या नवऱ्याने दिलेला, म्हणून तो त्यांच्याच डोक्यावर फिरतो. त्या दिवशी लिलीला दुसऱ्या बाकावर बसावं लागलं. पेला आधी म्हाताऱ्याकडे, मग यशोदाकडे, मग लिलीकडे.

बोर्डिंगचं बाक बाजूच्या दारापाशी आहे, तिथून सगळं आडवं दिसतं. लिलीने मान वाकवली, डोळे मिटले. ओठ पेल्याला लागले नाहीत. पदराने ओठ मात्र पुसले.

महिन्याभरात ट्रे तयार.

११ ऑगस्ट, रवि.
उपासनेनंतर लि. घरी आली. सोबत डब्यात केक. तिला काही हवं असलं की केक येतो.

"ताई, सगळे विचारतात, मिस का रुसल्या?"
"मी रुसले नाही. मी घेतलं नाही."
"टीबी, कावीळ, काय काय पसरतं गं. तू एवढी शिकलेली."
"जुलैपर्यंत पसरत नव्हतं?"

त्यावर म्हणते, "तू ना, रिटायर झालीस पण हातातली छडी काही सुटली नाही."

मी म्हटलं, लिली, तू त्या दिवशी प्यायली नाहीस. प्यायल्याचं नाटक केलंस. बायबलवर हात ठेवून खोटं बोलली असतीस तरी मला एवढं लागलं नसतं. ती उठली. केक तसाच. कामवालीला दिला.

१ सप्टेंबर, रवि.
दुसऱ्यांदा.

द्राक्षारसासाठी मनुका दर महिन्याला मी भिजवते, उकळते, गाळते. या वेळी भिजवल्या नाहीत. कुणी विचारायलाही आलं नाही. गिलासांत बाटलीतलं सरबत होतं, वास माझ्या बाकापर्यंत आला. कमिटीला चालतं. प्रभूला काय वाटतं ते कमिटीच्या मिनिट-बुकात येत नाही.

कॉन्व्हेंटात आम्ही प्रॉटेस्टंट मुली चॅपलमध्ये मागे बसायचो. बाकीच्या, कॅथलिक, रांगेने जायच्या, प्रभुभोजनाची भाकर घ्यायला जीभ पुढे करायच्या. आम्ही बघायचो. मला वाटायचं, एकदा मोठी झाले की मला कुणी असं बघत बसायला लावणार नाही. एक म्हातारी नन होती, हात धुतानासुद्धा पुटपुटायची. तिला विचारलं होतं, देवाला कंटाळा येत नसेल का? ती म्हणाली, येत असेल, पण अर्ध्या मनाच्या माणसाचा जास्त येतो. बाकीच्या नन्स विसरले. ही नाही.

अर्ध्या मनाने गिलास घेण्यापेक्षा पूर्ण मनाने उपाशी राहीन. हे आजचं.

१४ सप्टेंबर, शनि.
यशोदा आली. ड्यूटीवरून सुटून, सायकलवर, पांढऱ्या साडीतच. मला बरं वाटलं. वाटलं, आभार मानायला आली असेल. (हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.)

चहा घेतला. मग,
"बाई, तुम्ही आमच्यासाठी उपाशी राहून राहिल्या म्हणते वस्ती. खरं हाय का?"
मी म्हटलं, तुमच्यासाठी असं नाही. एका पेल्यासाठी.
"मंग ठीक हाय. काहून की मी तर गिलासाच्याच बाजूनं हाय."

मी कप खाली ठेवला.

"टीबी वॉर्डात काम करते मी. थुंकीचे डबे पाहते रोज. मीच मागच्या वर्षी पाळकसाहेबांले म्हटलं होतं, वेगवेगळे गिलास करा. तेव्हा म्हणे, परंपरा आहे. बाबा समोर बसला अन् महिन्यात परंपरा गेली."
"म्हणजे तुला कळतंय त्यांनी का केलं."
"मले दोन्ही कळते, बाई. गिलास चांगला हाय, अन् देणाऱ्याचं मन खराब हाय. दोन्ही खरं हाय. मी गिलास घेते."
"आणि अपमान?"
"तो पेल्यातही होताच की. शेवटी यायचा आमच्याकडे. तेव्हा तुम्ही कुठं उपाशी राहिल्या?"

माझं बाकही पुढचं नव्हतं, हे सांगता आलं असतं. पण मी ते बाक बोर्डिंगच्या मुलींसाठी आपणहून घेतलं होतं आणि वस्तीला शेवटचं बाक दिलं गेलं होतं. हे तिला काय शिकवायचं.

जाताना: "राग तुमचा हाय तर तुमच्या नावानं करा. आमचं नाव काहून लावता त्याले?"

१५ सप्टें.
चर्चला गेले नाही. डोकं दुखतं, असं कामवालीला सांगितलं. डोकं दुखत नव्हतं.

उद्धट आहे. शाळेत असती तर...
शाळेत असती तर मी तिला मॉनिटर केलं असतं.

६ ऑक्टोबर, रवि.
तिसऱ्यांदा. ट्रे आता माझ्यासमोर थांबत नाही. पाळकसाहेब बाकाच्या आधीच वळतात, मुलींना पलीकडून देतात. सोय झाली त्यांची.

गुडघे टेकले. प्रार्थना करायला लागले आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं, मी कमिटीला बोलत होते. मुद्देसूद, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. देवाचं नाव फक्त सुरुवातीला. महिनोन्महिने हेच चाललं असेल. ज्याच्यासाठी उपाशी राहिले त्याच्याशी शब्द नाही, आणि ऑगस्टपासून सेक्रेटरीशी मात्र रोज बोलते.

भूक खरी आहे. पोटाची नव्हे. बाकीचे ओठ पुसत बाहेर पडतात तेव्हा मला त्यांच्या ओठांकडे बघवत नाही.

१७ ऑक्टो., गुरु.
पा.सा. आले. दसऱ्याच्या गर्दीतून, रिक्षाने, घाम पुसत. आजारी लोकांना घरी प्रभुभोजन देतात तसं मला द्यायला तयार आहेत. आणि तेही जुन्या चांदीच्या पेल्यातून.

"कमिटीने खास मान्य केलं, मिस. तुमच्या सेवेचा मान म्हणून."
"मी आजारी नाही."
"नाही नाही. पण तुमच्या विवेकबुद्धीचा आदर..."
"सगळ्यांचा पेला मी एकटी पिणार?"
"प्रभूच्या दृष्टीने संख्या कशाला, मिस."

भलता गोड माणूस. लग्नात, मयतात, भांडणात एकच आवाज. मला त्याला हाकलायचं होतं. पण खरं सांगायचं तर चांदीचा पेला म्हटल्याबरोबर मी खुर्ची पुढे केली.

हो म्हटलं. एक अट घातली. यशोदा आणि तिचे वडीलही असतील, माझ्याकडे, त्याच टेबलाशी.
"यशोदा सिस्टरना कशाला त्रास."
"त्या माझ्या पाहुण्या. पाहुण्यांचं माझं मी बघते."
गेले. मला वाटलं, जिंकले. मग वाटलं, पुन्हा तेच, कुणाला हरवायचं चाललंय?

२६ ऑक्टो., शनि.
लगेच लिहिते, नाहीतर उद्या मी ते सुधारून लिहीन.

टेबलावर आईचा पांढरा टेबलक्लॉथ. मनुकांचा रस मी केला, बऱ्याच दिवसांनी. पा.सा. चार वाजता आले, पेला कापडी पिशवीत. यशोदा मागोमाग. एकटी.

"बाबा कुठे?"
"नाही येत म्हणे. एकदा पंख्याखाली बसलो तर एवढं झालं, आता बाईच्या घरी बसलो तर काय होईल."
पा.सा. हसले. आपणही हसायचं की नाही ते मला कळेना.

प्रार्थना झाली. भाकर झाली. पेला उचलला तेव्हा मी म्हटलं, आधी यशोदाला द्या. मग मला.
यशोदाने हात मागे घेतला. "काहून?"
"काहून काय. असंच."
"असंच नाही, बाई. मी आधी प्याली अन् माझ्या मागून तुम्ही प्याल्या, तर उद्या चर्चभर होईल, मिसनी यशोदाचं उष्टं प्यालं. केवढं मोठं मन. मी त्यात कुठं हाय?"
"मग मी आधी पिते."
"प्या. मी मागून पिते. रोजचंच हाय आमचं ते."

खवचट नव्हती बोलत. खरंच बघत होती मी काय करते ते. पा.सा. पेला धरून उभे, मग दुसरा हातही लावला त्यांनी, जड आहे पेला. कुठल्याही बाजूने उचला, माझंच नाव लागतं त्याला. एवढ्या महिन्यांत मी पेल्याकडे बघत होते की पेल्यात माझं तोंड दिसतं तिकडे?

म्हटलं, "पाळकसाहेब, आज राहू द्या."
त्यांनी घड्याळ बघितलं. रस बाटलीत ओतला, पेला पुसला, पिशवीत घातला. कमिटीला काय सांगू, विचारलं. मी म्हटलं, खरं सांगा, एकदा तरी. तोंड सुटलंच.

यशोदा थांबली. कपबशा तिने विसळल्या, मी नको म्हणत असताना.
"राग आला?"
"आला."
"माझा का?"
"सगळ्यांचा. तुझाही."
"येऊ द्या." हात पुसत म्हणाली, "तीन तारखेले आम्ही पहिल्याच बाकावर बसणार आहो. पंखा हाय, बाबाले हवा लागते. तुम्ही या आमच्याजवळ. गिलास घ्या नाहीतर नका घेऊ. पण तिथं दारापाशी बसून बघू नका, वं बाई. पाठीले तुमची नजर टोचते. लिलीबाईची टोचते त्याच्याहून जास्त."

वं म्हणाली मला, घरच्या बाईला म्हणतात तसं. जन्मभर मला कुणी वं म्हटलं नव्हतं. आई सोडून.

३ नोव्हेंबर, रवि., सकाळ
तयार आहे. वेळ आहे अजून.

पहिल्या बाकावर बसलं तर ट्रे आधी आमच्याकडे येणार. तिथे हात मांडीवर ठेवला तर अख्ख्या चर्चला दिसणार. गिलास घेतला तर लिली मागून बघणार, ताई शेवटी आली रांगेत, म्हणणार. मग दुपारी केक येईल. पहिल्या बाकावरून मागचं काही दिसत नाही, एवढं एक बरं आहे.

गिलास चांगला, देणाऱ्याचं मन खराब, असं तिला दोन्ही एका हातात धरता येतं. मला येत नाही. पहिल्यापासून नाही. मी एकच धरते आणि दुसऱ्यावर आपटते. त्यालाच एकनिष्ठ म्हणत आले.

हात पुढे जाईल की नाही ते इथे लिहून ठेवत नाही. लिहिलं तर माझा शब्द पाळायला जाईन, प्रभूकडे नाही.

पट्टीवरचं आईचं नाव जवळून वाचायला मिळेल. स्पेलिंग बरोबर घातलंय का बघते.

पहिली घंटा झाली. निघते.