अकरा ओळी

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींनाही सांग. मी बरा आहे. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात आणि रक्तदाब गोळीच्या. हे पत्र सूनबाई तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगतो. बाई गं, पुढे असा मजकूर येईल की तुला वाटेल हा सोडून द्यावा. सोडू नकोस. तुझ्या सासूपासून काही लपत नाही, निदान लहानपणी तरी लपत नसे.

अठ्ठावीस तारखेला मी निवृत्त होतोय. सध्या खोली आवरणं चाललंय. तेहतीस वर्षांत मी किती भंगार जमवलंय ते बघून माझं मलाच हसू आलं. भिंगांचे डबे, मुके झालेले कॅमेरे, कसली कोण जाणे अशी सतरा चाव्यांची जुडी. सगळ्यांच्या तळाशी तुझ्या हातचा एक काळा पडदा निघाला. शिवण अजून उसवलेली नाही.

तुला आमची पहिली प्रयोगशाळा आठवते ना? रुग्णालयाच्या तळघरात, धोबीखान्याला लागून. कपड्यांची ढकलगाडी बाहेरून गेली की आमचं टेबल थरथरायचं आणि चित्राचं वाटोळं व्हायचं. त्यामुळे खरं काम आम्ही जेवणाच्या सुट्टीत करायचो, गाड्या थांबल्या की. खोलीत मिट्ट काळोख हवा होता आणि पडदे शिवून द्यायला विभागाकडे माणूस नव्हता. मी तुला गळ घातली. तू हातातली शिलाई बाजूला ठेवून टेप घेऊन आलीस. दार मोजलंस, खिडकी मोजलीस, आणि आमच्या सरांना वरपासून खालपर्यंत असं बघितलंस की त्यांनी पोट आत घेतलं.

प्रकाश शरीरात कसा पसरतो हे पाहायला आम्ही खोटं मांस बनवायचो. जिलेटिन, दूध आणि दोन थेंब काळी शाई. आमच्या त्या वड्यांत नेहमी गाठी. सर, मी आणि आमचा यंत्रवाला पकडराव, तिघंही हैराण. तू पातेल्यात डोकावलीस आणि म्हणालीस, "एवढे शिकलेले तिघं, आणि एकालाही नीट ढवळता येत नाही?" मग पदर खोचलास. त्या दिवशी पहिल्यांदा आमची वडी आरशासारखी जमली. पकडराव जाईपर्यंत तुला 'मुख्य शास्त्रज्ञ' म्हणायचा.

फार सुखाचे दिवस होते ते. पुढे मला काचेची इमारत मिळाली, न थरथरणारी टेबलं मिळाली, पण ढकलगाडी यायच्या आत काम उरकल्यावर आपण चौघं जसे हसायचो, तसं हसणं पुन्हा झालं नाही.

मी लांबण लावतोय हे तू ओळखलं असशीलच. फोनवर हेच सांगायला मी कितीदा तरी सुरुवात केली. तू गुडघ्यांची चौकशी करतेस, मग मी गुडघ्यांवर बोलतो आणि फोन ठेवतो. कागदावर तू मध्ये बोलू शकत नाहीस.

तर तुझ्या डोळ्याचं ते चित्र. आमच्या यंत्रात बसलेला पहिला माणूस तू. डोळ्यात मंद प्रकाश सोडायचा, आतून परतलेल्या प्रकाशावरून डोळ्याच्या आतल्या पडद्याचे थर कागदावर उतरवायचे, डोळ्याला हात न लावता. चित्र एकदम यायचं नाही, एकेक उभी ओळ करत दोनशे ओळी व्हायच्या. सहा सेकंद लागायचे. तेवढ्यात माणूस हलला की काही ओळी बिघडायच्या. त्या आम्ही काढून टाकायचो आणि शेजारच्या ओळींवरून ती जागा भरायचो. सगळेच करायचे, त्यात लबाडी नव्हती.

तुझ्या उजव्या डोळ्याच्या चित्रात मधोमध अकरा ओळी बिघडलेल्या आल्या. थरांखाली एक काळी फट दिसत होती. मी म्हटलं, ताई, हलू नकोस. तू म्हणालीस, "मी दगडासारखी बसलेय रे." पुन्हा चित्र काढलं, पुन्हा तेच. पाच वेळा काढलं. पाचव्यांदा मी तुझ्यावर खेकसलो, पकडराव हसला, तूही हसलीस. दुसऱ्या दिवशी शोधनिबंध छापायला पाठवायचा होता. मी त्या अकरा ओळी काढल्या आणि जागा भरली. चित्र देखणं झालं. खाली लिहिलं, 'निरोगी डोळा'.

ताई, माणूस हलतो, पण पाचही वेळा नेमक्या त्याच ठिकाणी हलत नाही. एवढं साधं मला कळायला हवं होतं. तू हलली नव्हतीस. ती फट खरी होती. पडद्याखाली पाणी साचायला लागलं होतं.

आठ महिन्यांनी तू म्हणालीस की सुईचं नाक सापडत नाही, सरळ शिवण वाकडी दिसते. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. "चाळिशी लागली तुला. चष्मा बदल." मी डॉक्टर नाही, भौतिकशास्त्र शिकलेला माणूस, पण घरात डोळ्यांचा जाणकार म्हणजे मी. तू माझ्या शब्दावर वर्षभर काढलंस. तेव्हाही लेसरचा उपाय होता. किती नजर वाचली असती ते सांगता येणार नाही. काहीतरी वाचली असती. पुढे डावा डोळाही त्याच वाटेने गेला. तोवर तुला धड तपासणारं कुणी असतं, तर तोही कदाचित असा गेला नसता.

आता त्याहून वाईट सांगतो. हे मला आज कळलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मी जुन्या नोंदी नव्या संगणकावर चढवत होतो. तुझी पाचही चित्रं, न भरलेली, एकाखाली एक उघडली. पाचहीत तीच फट, त्याच जागी. त्यानंतर मी तुझ्याकडे आलो नाही. परिषदा होत्या, गुडघे होते, काही ना काही होतंच. खरं कारण एवढंच की तुझ्यासमोर बसायची माझी छाती झाली नाही.

निरोप समारंभात मला तेच चित्र मोठं करून, चौकटीत घालून देणार आहेत. पाठ्यपुस्तकांतही ते गेलंय. झाल्या चुकीची दुरुस्ती मी सोमवारी, निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवली. पण सभेत बोलू का, आणि तो डोळा कुणाचा हे सांगू का, हे ठरवायचा अधिकार तुझा आहे. तू नको म्हणालीस तर गप्प बसेन. माफी मागतोय, पण ती मिळावी असं म्हणायची हिंमत नाही.

तुझा अपराधी,
धाकटा


१९ मार्च

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय. तुझं पत्र तिने सगळं वाचलं. मध्ये ती अडखळली, तेव्हा मी म्हटलं, पाणी पी आणि पुढे वाच.

मला राग आला. चांगला दोन दिवस आला. ताईने मोठ्या मनाने सोडून दिलं असं समजू नकोस. शिलाईचं मशीन घरातून गेलं त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले होते. तू तेव्हा कुठल्याशा परिषदेला गेला होतास. हे तुला कळलेलं असावं म्हणून सांगते.

ओळी काढल्यास, ती चूक. चष्मा बदल म्हणालास, तीही चूक. मी तरी कुठे शहाणी! डॉक्टरकडे जायचं सोडून भावाचं ऐकलं, कारण माझा भाऊ केवढा मोठा, हे मला चार बायकांत मिरवायचं होतं. पण नऊ वर्षं तू आला नाहीस, त्याला मी चूक म्हणणार नाही. ते तू ठरवून केलंस. आणि मी आपली समजत राहिले की आंधळी बहीण याला बघवत नाही, जड होते याला. हे मी यांच्याजवळसुद्धा कधी बोलले नाही. डोळ्यांची मी सवय करून घेतली. याची नाही झाली.

सभेत सांग. सगळं सांग. डोळा माझ्या थोरल्या बहिणीचा, ती शिवणकाम करायची आणि ती खरं सांगत होती, असं म्हण. तिथे पोरंपोरी बसलेली असतील, त्यांनाही उद्या कुणाला तरी यंत्रापुढे बसवायचं आहे.

आणि त्याच्या आधी इकडे ये. या रविवारी. भेट आणू नकोस, भाषण आणू नकोस. आलास की सवयीने माझ्या समोर येऊन उभा राहशील. तसं करू नकोस. मला मधलं काही दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. माझ्या डाव्या हाताला खुर्ची ओढून घे आणि जरा मागे सरकून बस. तिथे बसलास की मला तू दिसशील.

वाट बघणारी,
ताई