गप्पू भूत आणि वीस मुले

२ जुलै १९७९
बालवाडीत आज तीन मुले. महिनाअखेरीस तपासणी. वीस नसली तर बालवाडी बंद, आणि बाबा अड्याळच्या स्थळाला होकार कळवणार. मुले न येण्याचे कारण सापडले: वाटेत तलाव, तलावावर चिंच, चिंचेवर भूत. शुद्ध अज्ञान. मीसुद्धा बी.ए. होईपर्यंत तिकडे एकटी गेले नाही. पण आता घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे. इलाज मीच करणार.

५ जुलै
चित्रांचे पुस्तक करते आहे. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, हळद, कुंकू, कोळसा. भुताचे नाव गप्पू. पोरांना झोके देतो, मासे भाजून खाऊ घालतो, शिंकला की झाडावरून पडतो. आई म्हणाली, हा तं तुह्या मामासारखा दिसून राह्यला. म्हणजे भीती गेली. यशाची खूण.

९ जुलै
घरोघर जाऊन पुस्तक दाखवले. मुले पोट धरून हसली. उद्यापासून जागा पुरणार नाही. जादा चटया मागवाव्या.

१० जुलै, दुपारी
बालवाडीत एकही नाही. सगळी चिंचेखाली, गप्पूची वाट बघत. मोजली: सव्वीस. आकडा जमला. फक्त जागा चुकली.

११ जुलै
दोन पोरे गप्पूसाठी मासे धरायला पाण्यात उतरली. फकिरा जाळे टाकत होता, त्याने ओढून काढली. नंतर त्याची बायको सखाबाई आली. म्हणाली, आमी दिवसभर धानाच्या रोवणीत वाकून राहतो ते त्या भुताच्या भरोशावर. पोरं पाण्याकडं फिरकत नोती. बिनपगारी राखणदार होता, तुमी त्याले जोकर केला. आता तुमीच बसा तिथं, मास्तरीणबाई.
तात्पुरते मान्य केले. उघड्यावरचे शिक्षण उत्तमच.

१८ जुलै
आठवडाभर चिंचेखाली. पांढरी खादीची साडी, पावसाने भिजलेले केस मोकळे. पोर पाण्याकडे येताना दिसले की ओरडते, मागे फिर. लगेच पळतात. शिस्त लागते आहे.

३१ जुलै
तपासणी. हजेरी शून्य. सुपरवायझरबाईंना थांबवून मुले आणायला धावले. सखाबाईच्या दारात पोचले तर ती लेकीला सांगत होती, खाय मुकाट्यानं, नाई तं चिंचेखालची बाई येईन. पोरीने मान वर केली. मला पाहिले. ताट चाटूनपुसून साफ केले.
सखाबाई म्हणाली, रोज याच टायमाले येत जा, बाई.

रात्री
अड्याळला होकाराचे कार्ड गेले पाहिजे. बाबांना लिहिता येत नाही. मीच लिहिले.